व्यापारासाठी मुंबई : मुक्कामाचा खर्च कसा आटोक्यात ठेवावा?

रहिमतपूर, कोरेगाव, मसूर, कराड या पट्ट्यातील आमच्या बांधवांची रोजी मुंबईच्या बाजाराशी बांधलेली आहे. नदाफ-पिंजारी बांधवांना गाद्या-रजयांचे कापड मंगलदास मार्केटमधून आणावे लागते. शिकलगारांना हत्यारे, पाने आणि धारेची चाके नागदेवी स्ट्रीटला मिळतात. अत्तारांचा माल महंमद अली रोड आणि मुसाफिरखान्याच्या आसपास असतो. मण्यारांना बांगडी व शृंगाराचे सामान भुलेश्वर-क्रॉफर्ड मार्केट भागात शोधावे लागते आणि बागवानांची आल्याची गाडी वाशीच्या बाजार समितीत उतरते. माल कोठे स्वस्त मिळतो हे यातील प्रत्येकाला तोंडपाठ आहे. रात्री पाठ कोठे टेकायची हे मात्र बहुतेकांनी ठरवलेले नसते. स्टेशनाबाहेर टॅक्सीवाला नेईल त्या लॉजवर जायचे आणि तो सांगेल तो दर द्यायचा, असा प्रकार चालतो. या आठवड्याच्या पाठात आम्ही याच खर्चाचा हिशेब मांडत आहोत.

आधी आकडे पाहू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकांनी आपले घालून पाहावेत. समजा एखाद्या छोट्या दुकानदाराने २५ हजार रुपयांचा माल घेतला आणि त्यावर त्याला गावात २० टक्के, म्हणजे ५ हजार रुपये सुटतात. जाणे-येणे व शहरातील फिरणे मिळून ९०० रुपये, दोन रात्रींचे लॉज दर रात्री १,८०० प्रमाणे ३,६०० रुपये आणि खाणेपिणे ६०० रुपये. एकूण ५,१०० रुपये झाले. म्हणजे या बांधवाने तीन दिवस दुकान बंद ठेवले, पाय झिजवले आणि वर पदरचे १०० रुपये घातले. महिनाभर माल विकल्यावर "धंद्यात बरकत नाही" अशी तक्रार तो करतो. पण बरकत दुकानात येण्यापूर्वीच लॉजच्या गल्ल्यात गेली होती, हे त्याच्या लक्षात येत नाही, कारण प्रवासखर्चाची वही आमच्याकडे फार थोडे लोक ठेवतात. मालाच्या खरेदीची पावती जपून ठेवायची आणि लॉजची पावती तेथेच चुरगळून टाकायची, ही आमची जुनी खोड आहे.

अडीच लाखांचा माल घेणाऱ्याला हाच खर्च जाणवणार नाही. म्हणून पहिला प्रश्न 'स्वस्त खोली कोठे मिळेल' हा नसून 'या खेपेला मुक्काम पेलतो का' हा आहे. आमच्या मते मुक्कामाचा खर्च त्या खेपेच्या अपेक्षित नफ्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाता कामा नये. जात असेल तर खेप पुढे ढकलावी, दोन खेपांची एक करावी किंवा मुक्काम टाळावा.

मुक्काम टाळण्याची सोय आपल्या दारातच आहे. रहिमतपूर पुणे-मिरज लोहमार्गावर आहे आणि या मार्गाने मुंबईला जाणाऱ्या दोन जुन्या गाड्या आपल्या सर्वांच्या ओळखीच्या आहेत. कोयना एक्सप्रेस दिवसा धावते आणि संध्याकाळनंतर मुंबईला पोचते. त्या वेळी बाजार बंद झालेला असतो, म्हणजे कोयनेने गेलेल्या माणसाची एक रात्र पैसे मोजून काढण्यात जाते. महालक्ष्मी एक्सप्रेस रात्रीची आहे. ती सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला सोडते आणि रात्री तेथूनच परत निघते. रात्री बर्थवर झोप, दिवसभर खरेदी, पुन्हा रात्री बर्थवर झोप. मुंबईतील सर्वांत स्वस्त खोली हीच, आणि तिचे भाडे तिकिटातच आले. वरच्या हिशेबातले ३,६०० रुपये पूर्ण वाचतात. सामानघर व आंघोळीचे १०० आणि एका दिवसाच्या जेवणाचे ३०० धरले तरी खर्च १,३०० वर येतो आणि ५ हजारांतले ३,७०० हातात राहतात.

मात्र यासाठी आरक्षण वेळेवर हवे. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ज्याचे दुकान वर्षानुवर्षे चालते त्याला रमजान ईद, लग्नसराई, शाळा उघडण्याचे दिवस दोन महिने आधी माहीत असतात, मग तिकीट शेवटच्या दिवशी का काढावे? गाडी आपल्या स्टेशनावर थांबते की साताऱ्याला वा कराडला जाऊन धरावी लागते, हे चालू वेळापत्रकात पाहून घ्यावे. सकाळी स्टेशनावर उतरल्यावर जास्तीचे सामान कुलूप लावून सामानघरात ठेवावे, पैशाच्या मोबदल्यात स्नानाची सोय वापरावी आणि दुकाने उघडण्याच्या वेळी क्रॉफर्ड मार्केटकडे चालत जावे. अंतर थोडे आहे, टॅक्सीची गरज नाही. जुहरसाठी मंगलदास मार्केटला लागूनच मुंबईची जुनी जुमा मशीद आहे. तेथील हौजावर वुजू करून दोन घटका बसले की उन्हातला थकवा जातो. पण मशिदीला झोपण्याची जागा समजू नये. इशानंतर कमिटीचे लोक दरवाजे बंद करतात, त्यांच्याशी रदबदली करून त्यांना अडचणीत टाकणे बरे नव्हे.

बाजाराच्या सुट्टीचाही मुक्कामाशी थेट संबंध आहे. मंगलदास व मूळजी जेठा मार्केट रविवारी बंद असते. चोर बाजारातली दुकाने शुक्रवारी बंद असतात, त्या दिवशी पहाटेचा जुमा बाजार तेवढा भरतो. शनिवारी संध्याकाळी मुंबईत पोचणारा माणूस सोमवार सकाळपर्यंत नुसता बसून खातो. आमच्या माहितीतील एका रजई कारागीर बांधवाने असे दोनदा केले आणि दोन्ही वेळा घरच्यांना सांगितले की मुंबई फार महाग झाली आहे. मुंबई महाग आहेच, पण त्या दोन रात्री त्याने स्वतः विकत घेतल्या होत्या.

वाशीला जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की आले, कांदा, फळे किंवा मसाल्याच्या कामासाठी दक्षिण मुंबईत राहण्याचे काहीच कारण नाही. पनवेल-वाशी भागातच उतरावे आणि तेथूनच परतावे.

आता ज्यांचे काम एका दिवसात होत नाही त्यांच्याविषयी. मशीन दुरुस्तीला टाकायचे असते, ऑर्डरचा नमुना दाखवायचा असतो, थकलेली येणी वसूल करायची असतात, तेव्हा रात्र काढावीच लागते.

रेल्वेच्या विश्रामकक्षांचा आमचे लोक फार कमी उपयोग करतात. मोठ्या स्टेशनांवर खोल्या आणि डॉर्मिटरीतील खाटा असतात. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असले तर त्याच्या पीएनआर क्रमांकावर त्या ऑनलाइन राखून ठेवता येतात. जागा मोजक्या असल्याने तिकीट काढताच खाटेचीही नोंद करावी. याखेरीज मुंबई सेंट्रल स्टेशनावर नोव्हेंबर २०२१ मध्ये 'पॉड हॉटेल' सुरू झाले. लाकडी पेटीसारख्या बंदिस्त खणात एक माणूस झोपेल एवढी जागा, बाहेर सामाईक न्हाणीघर. सुरुवातीचा दर १२ तासांना ९९९ रुपये होता. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरही २०२३ मध्ये तशी सोय झाली. ज्याला फक्त रात्र काढायची आहे त्याला हे चालते. मालाची पोती घेऊन जाणाऱ्याला नाही.

लॉज पाहताना दरापेक्षा आधी वेळ विचारावी. काही लॉज 'बारा वाजता' पद्धतीचे असतात, काही 'चोवीस तास' पद्धतीचे. सकाळी ७ वाजता खोली घेऊन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ६ वाजता सोडणाऱ्याला चोवीस तासांच्या लॉजमध्ये दोन दिवसांचे भाडे पडते. बारा वाजताच्या लॉजमध्ये, नियम कडक लावला तर, तीन दिवसांचे. पहिला दिवस त्याच दुपारी संपतो, दुसरा पुढच्या दुपारी आणि तिसरा सुरू झालेला असतो. म्हणजे दर रात्री ३०० रुपयांनी स्वस्त वाटलेली खोली शेवटी महाग ठरते. मालकाशी ही गोष्ट खोली घेण्यापूर्वी बोलावी, निघताना वाद घालून उपयोग होत नाही. तसेच एकट्याने जाणाऱ्याने पूर्ण खोली न घेता 'कॉट बेसिस'वर, म्हणजे खाटेच्या भाड्याने जागा आहे का ते विचारावे. डोंगरी, नळबाजार, मस्जिद बंदर, भायखळा या भागांत अशा जागा पूर्वीपासून चालत आल्या आहेत. तेथे पैसे आणि मोबाइल उशाखाली नव्हे, अंगावर ठेवावेत. आणि एक गोष्ट घाई असली तरी करावी : वर जाताना जिना पाहावा. जिन्यात पोती, गॅसच्या टाक्या किंवा विजेच्या लोंबत्या वायरी असतील तर फुकट मिळाली तरी ती खोली घेऊ नये.

कराविषयीही गैरसमज आहेत. १८ जुलै २०२२ पूर्वी दिवसाला १ हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर जीएसटी नव्हता. त्या दिवसापासून १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो ५ टक्के झाला आहे. तेव्हा कोणी आजही १२ टक्के लावत असेल तर त्याला तारीख सांगावी. ज्या लॉजची जीएसटी नोंदणीच नाही त्याला हा कर घेताच येत नाही. कर मागितला तर पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहावे. ज्या बांधवांची स्वतःची नोंदणी आहे त्यांनी पावतीवर आपला क्रमांक घालून घ्यावा आणि ती आपल्या कर सल्लागाराकडे द्यावी.

ओळखपत्र सर्वत्र लागते. आधारची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली, म्हणजे 'मास्क्ड' प्रत द्यावी, किंवा मतदार ओळखपत्र दाखवावे. गेल्या काही वर्षांत हॉटेलांच्या नावाने खोटे फोन नंबर आणि खोट्या वेबसाइटही फिरतात. क्यूआर कोड पाठवून पूर्ण रक्कम आधी मागणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नये. आमच्या बांधवांना आणखी एक अनुभव अधूनमधून येतो, तो लपवण्यात अर्थ नाही. फोनवर खोली आहे म्हणतात आणि काउंटरवर नाव वाचल्यावर ती भरलेली असते. आम्हालाही एकदा रात्री साडेदहाला हे ऐकावे लागले. त्या वेळी भांडून काही निष्पन्न होत नाही, रात्र मात्र रस्त्यावर जाते. फोन करतानाच पूर्ण नाव सांगावे, होकार मेसेजवर घ्यावा आणि दुसरा एक पत्ता खिशात ठेवावा.

मुसाफिरखान्यांचा विषय थोडा सविस्तर सांगितला पाहिजे. सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत जकातीचे जे आठ हक्कदार आले आहेत त्यांत 'इब्नुस्सबील' म्हणजे वाटेत अडलेला मुसाफिर आहे. या शिकवणीतून मुस्लिम जगात व्यापारी मार्गांवर सराया उभ्या राहिल्या. कैरोत सुलतान गौरीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला 'विकाला' आजही उभा आहे. खाली व्यापाऱ्यांची गोदामे, वर त्यांच्या राहण्याच्या खोल्या, मध्ये चौक. माल आणि मालक एकाच छताखाली. इस्तंबूलचे 'हान' याच पद्धतीचे. मुंबईतही दानशूर मुस्लिम व्यापाऱ्यांनी मुसाफिरखाने बांधले. त्यांत क्रॉफर्ड मार्केटजवळचा साबू सिद्दीक मुसाफिरखाना सर्वांना ठाऊक आहे. देशभरातले हाजी मुंबईहून जहाजाने जात तेव्हा जहाजाची वाट पाहत ते येथे राहत. हज हाऊस होण्यापूर्वी हज कमिटीचे कार्यालयही येथेच होते. १९९५ नंतर जहाजाचा हज प्रवास बंद झाला. आज 'मुसाफिरखाना' म्हटले की तरुण पिढीला अत्तर आणि परदेशी सामानाचा बाजार आठवतो, हे आमच्या व्यापारी स्वभावाला शोभणारेच म्हणायचे!

पण हे मुसाफिरखाने आणि हज हाऊस यांच्याकडे स्वस्त लॉज म्हणून पाहू नये. ज्याने ती जागा वक्फ केली त्याने ती कोणासाठी केली हे पाहणे आपल्यावर बंधनकारक आहे. हाजींसाठी असेल तर ती हाजींची. परळच्या टाटा रुग्णालयात माणूस घेऊन आलेल्या कुटुंबाला, परीक्षेला आलेल्या विद्यार्थ्याला त्या खाटेची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. नफा कमावण्यासाठी गेलेल्या धडधाकट माणसाने ती अडवली तर त्या स्वस्त रात्रीचा हिशेब दुसरीकडे द्यावा लागेल. जेथे व्यापाऱ्यांनाही राहू देतात तेथे ठरलेला आकार पूर्ण द्यावा, ओळखीचा वशिला लावून तो कमी करून घेऊ नये.

मग मार्ग कोणता? तो मुंबईतच इतरांनी दाखवलेला आहे. गोव्याच्या खेड्यांतून आलेल्या लोकांनी धोबी तलाव, डाबुल भागांत गावागावांचे 'कुड' काढले. धोबी तलावच्या जेर महाल इमारतीत असे अनेक कुड आहेत. जहाजावर जाणारा, नोकरी शोधणारा, औषधपाण्याला आलेला गावकरी थोडक्या वर्गणीत तेथे पेटी ठेवतो, झोपतो आणि संध्याकाळी सर्वांबरोबर प्रार्थनेला बसतो. कोकणी मुस्लिम खलाशांच्या गाव-जमातींनीही डोंगरी-माझगावकडे अशा खोल्या ठेवल्या. आपल्या सातारा-सांगलीचे गिरणी कामगार लालबाग-परळला गावकीच्या खोल्यांतच राहिले. जी गोष्ट कामगारांना जमली ती रहिमतपूरच्या व्यापाऱ्यांना का जमू नये? ज्या गावात रणदुल्लाखानाचा मकबरा आणि आदिलशाही काळातली मशीद आहे, त्या गावाची मुंबईत एक खोली नसावी याचे आम्हाला वाईट वाटते.

हिशेब मांडून पाहू. समजा १२ सभासद आहेत आणि प्रत्येक जण महिन्यात ४ रात्री मुंबईत काढतो. एकूण ४८ रात्री. दर रात्री १,५०० प्रमाणे लॉजला ७२ हजार रुपये जातात. कुर्ला किंवा मुंब्र्याकडे १८ हजार भाड्याची खोली घेतली, वीज आणि साफसफाईला ३ हजार धरले, तर महिना २१ हजार, म्हणजे रात्रीला सुमारे ४३८ रुपये पडतात. लोकलचे तिकीट दहा-वीस रुपयांत येते. मोठे बोचके असेल तर सकाळ-संध्याकाळची गर्दी टाळून सामानाच्या डब्याने जावे. खरे तर खरेदीचा माल खोलीवर आणण्याचीच गरज नसते. दुकानदाराकडूनच तो ट्रान्सपोर्टने सातारा-कराडला रवाना करावा.

अशा खोल्या भाड्यावरून मोडत नाहीत, हिशेबावरून मोडतात. एक जण महिन्यात दहा रात्री राहतो, दुसरा एकही नाही, आणि दोघांची वर्गणी सारखी, मग दुसऱ्या महिन्यापासून कुरबुर सुरू होते. म्हणून वर्गणीचे दोन भाग करावेत. प्रत्येकी १ हजार रुपये स्थिर, राहो वा न राहो, आणि शिवाय दर रात्रीचे २०० रुपये. १२ हजार आणि ४८ रात्रींचे ९,६०० मिळून २१,६०० होतात, खर्च निघून ६०० रुपये शिल्लक राहतात. रात्रीची नोंद दाराजवळच्या वहीत झोपण्यापूर्वी करावी. सभासदाचा पाहुणा चालेल, पाहुण्याचा पाहुणा नाही. रमजान ईदेपूर्वी सगळेच एकदम जातील, तेव्हा कोणत्या रात्री कोण हे शाबानमध्येच ठरवावे, आणि ज्याची पाळी नाही त्याने महालक्ष्मीने जाऊन त्याच रात्री परतावे.

महिला कारागिरांना ही खोली उपयोगी पडणार नाही. शिवणकाम, भरतकाम करणाऱ्या भगिनी बचत गटांमार्फत मुंबईच्या प्रदर्शनांना जातात. त्यांनी स्टॉलचा अर्ज भरतानाच निवासाची सोय आयोजकांकडून आहे का, ते लेखी विचारावे. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, तेव्हा सोबतीला घरातील एखादी आपा किंवा खाला नेली तरी प्रवासाचा बोजा फारसा वाढत नाही आणि दोघींत एक खोली पुरते.

खोली घेणाऱ्यांसाठी कायद्याची बाजू अशी आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे, पण तो टाळत असेल तर आपणच आग्रह धरावा, नाहीतर वाद झाल्यावर आपली अनामत अडकते. करार बहुधा ११ महिन्यांचा करतात. एकाच्या नावावर करार असेल तर बाकी अकरा जणांचा अनामतीतील हिस्सा स्वतंत्र कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी लिहून घ्यावा. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची जी ताकीद आहे ती सख्ख्या भावांच्या व्यवहारालाही लागू आहे. येथे राहणारे बदलत राहणार, हे मालकाला आणि सोसायटीला आधीच सांगावे आणि सर्व सभासदांची ओळखपत्रे पहिल्याच आठवड्यात पोलीस ठाण्याला कळवावीत. हे लपवून घेतलेली स्वस्त खोली एखाद्या रात्री बाहेर काढते. अनामत १ लाख रुपये पडली तर बारा जणांत प्रत्येकी ८,३३४ रुपये येतात. ज्याला एकरकमी जमत नाही त्याला तीन हप्ते द्यावेत, व्याजाचे कर्ज काढायला लावू नये.